संस्कृतात नसलेले पिल्लू

भाषांच्या नात्यागोत्याची चर्चा निघाली की आपल्याकडे एक यादी हमखास पुढे येते. मातृ आणि मदर, भ्रातृ आणि ब्रदर, नाम आणि नेम, द्वि आणि टू. कुणी त्यात सूकर आणि स्वाइन ही जोडीही घालतो. यादीतल्या बहुतेक जोड्या खऱ्या आहेत. गडबड होते ती त्यानंतरच्या वाक्यात: ‘म्हणजे या सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या.’ पुरावा दिला जातो नात्याचा आणि निकाल लावला जातो मातृत्वाचा. दोन मुलींचे चेहरे जुळतात म्हणून त्यांतली एक दुसरीची आई ठरत नाही. त्या बहिणी असू शकतात, आणि आई कुणी तिसरीच, आज हयात नसलेली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे नाते याच प्रकारचे आहे, हे आता भाषाशास्त्रात वादाचे राहिलेले नाही. पण ते का वादाचे राहिले नाही, हे वर्तमानपत्री चर्चेत क्वचितच सांगितले जाते. ते सांगायला डुक्कर हा प्राणी फार सोयीचा आहे. देव, माता, अग्नी या शब्दांवर बोलताना भावना आडवी येते. डुकराचा अभिमान कुणालाच नाही. त्यामुळे पुरावा निवांतपणे तपासता येतो आणि निकाल कुठेही लागला तरी कुणाचा पापड मोडत नाही.

आधी सूकराचे कुळ पाहू. या शब्दाचा गाभा आहे ‘सू’. लॅटिनमध्ये डुकराला नुसते ‘सूस’ म्हणत. शेवटचा स हा प्रथमेचा प्रत्यय. इंग्रजीत मादी ती ‘साऊ’, जर्मनमध्ये ‘झाऊ’, लाटव्हियन भाषेत पिल्लू ‘सिवेन्स’. चीनच्या शिनज्यांग प्रांतातल्या कुचा परिसरात ज्या तोखारी भाषेची जुनी हस्तलिखिते सापडली, तिच्यात ‘सुवो’. इंग्रजीतले ‘स्वाइन’, जर्मनमधले ‘श्वाइन’ आणि रशियनमधले ‘स्विन्या’ हे या सू-पासून घडलेल्या विशेषणाचे वंशज आहेत. नाम अधिक -ईन, अर्थ ‘डुकराचा, डुकरासंबंधीचा’. हा प्रत्यय आपल्याला परका नाही. कुलीन आणि ग्रामीण या शब्दांतल्या प्रत्ययाशी त्याची तुलना केली जाते. म्हणजे स्वाइन हे सूकराचे अपभ्रष्ट रूप नाहीच. सूकरातला ‘क’ स्वाइनमध्ये कधी नव्हता. एकाच गाभ्याला दोन ठिकाणी दोन वेगळे प्रत्यय लागले, इतकेच. ‘क’वाला प्रत्यय इराणी शाखेतही दिसतो: अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत डुकराचा शब्द ‘हू’, आणि फारसीत तो झाला ‘खूक’.

स-चा ह झाला हे पाहून दचकायला नको. इराणी शाखेत शब्दारंभीच्या स-चा नियमाने ह होतो. सप्तचे तिकडे हफ्त झाले, आणि त्यातूनच आठवड्याच्या अर्थाने आलेला ‘हप्ता’ आपण आज बँकेत भरतो. सिंधूचे हिंदू झाले ते याच वाटेने. ग्रीकमध्येही तोच प्रकार: सप्तला हेप्ता, आणि डुकराला ‘हूस’. ग्रीकमध्ये याच्या जोडीला ‘सूस’ असे स-वाले रूपही आहे, आणि ते का टिकले यावर एकमत झालेले नाही. होमरच्या ‘ओडिसी’त युमायस नावाचा डुकरे राखणारा इमानी चाकर आहे; कवी त्याला कधी ‘सुबोतेस’ म्हणतो, कधी ‘हुफोर्बोस’. धंदा एक, माणूस एक, आणि शब्दाची दोन्ही रूपे एकाच महाकाव्यात. असे अपवाद भाषाशास्त्रज्ञ झाकून ठेवत नाहीत. नियम इतका काटेकोर आहे म्हणूनच अपवाद डोळ्यांत भरतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. डुकराला हाकताना किंवा त्याच्या आवाजाची नक्कल करताना ‘सू सू’ असा ध्वनी कुणीही काढेल. मग वेगवेगळ्या लोकांनी हा शब्द आपापला बनवला नसेल कशावरून? आपल्याकडची लोकप्रिय व्युत्पत्तीही तेच सांगते: सू असा आवाज करतो तो सूकर. मूळ शब्द ध्वनीवरून आला असेल, हे मान्य करायला हरकत नाही. काही अभ्यासकांनी तो प्रसूती, सूनू या शब्दांतल्या ‘सू’ धातूशी, म्हणजे विण्याशी जोडला आहे. डुकरीण एका वेतात किती पिल्ले घालते हे पाहता कल्पना गोड आहे, पण ती सिद्ध झालेली नाही. प्रश्न मूळ शब्द कसा सुचला हा नसून तो नंतर कसा वागला हा आहे. प्रत्येक लोकसमूहाने डुकराचा आवाज ऐकून स्वतंत्रपणे शब्द घडवला असता तर ग्रीक आणि इराणी डुकरांनी नेमके सप्त आणि सिंधूचा नियम पाळून ‘हू हू’ करण्याचे काही कारण नव्हते. प्राण्याचा आवाज भाषेगणिक बदलत नाही. वारशाने आलेला शब्द मात्र त्या भाषेतल्या इतर शब्दांबरोबर बदलतो. ग्रीक आणि इराणी भाषांत हा शब्द तसाच बदलला आहे.

लोकव्युत्पत्तीचा मोह काही आपलाच नाही. यास्काने निरुक्तात वराह शब्दाचा संबंध ‘वर’ आणि ‘आहार’ यांच्याशी लावला, मुळे उखडण्याशीही लावला. त्याचा हेतू मंत्राचा अर्थ उलगडण्याचा होता, शब्दाचा इतिहास लिहिण्याचा नव्हता. म्हणून त्याला आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. तिकडे रोमन लोकांनी तर आकाशात डुकरे सोडली. आपल्या रोहिणी नक्षत्राजवळ जो इंग्रजी व्ही अक्षरासारखा तारकापुंज दिसतो, त्याला ग्रीक ‘हुआदेस’ म्हणत. रोमनांनी त्यात ‘हूस’ ऐकले आणि आपल्या भाषेत त्याचे नाव ठेवले ‘सुकुलाए’, म्हणजे डुकराची पिल्ले. हे नाव पाऊस पडणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आहे, डुकरावरून नाही, अशी टीका सिसेरोने केली. गंमत अशी की काही आधुनिक अभ्यासकांना सिसेरोपेक्षा ते अडाणी ठरवलेले रोमन शेतकरीच बरोबर असावेत असे वाटते.

आता खरी गोष्ट सुरू होते. या भाषाकुळात डुकरासाठी दुसराही एक जुना शब्द आहे, आणि त्याचा पसारा पहिल्याइतकाच मोठा आहे. लॅटिनमध्ये तो ‘पोर्कुस’. लिथुआनियन भाषेत ‘पार्शस’. रशियनमध्ये पिल्लाला ‘पोरोस्योनोक’ म्हणतात. जुन्या आयरिशमध्ये ‘ऑर्क’. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांचे नाव याच केल्टिक शब्दावरून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जुन्या इंग्रजीत ‘फेअर्ह’, जर्मनमध्ये ‘फेर्केल’. वरवर पाहता पोर्कुस आणि फेअर्ह यांत साम्य दिसत नाही. पण ध्वनी एकेक करून समोरासमोर ठेवा. लॅटिन प-च्या जागी इंग्रजीत फ येतो: पातेर आणि फादर. लॅटिन क-च्या जागी ह येतो: केंतुम आणि हंड्रेड, कोर्नू आणि हॉर्न. याकोब ग्रिम याने हा नियम १८२२ मध्ये मांडला, आणि तो या एका छोट्या शब्दात दोनदा लागू होतो. आयरिशमध्ये आरंभीचा प गळतो, म्हणून तिथे बाप ‘आहिर’ आणि पिल्लू ‘ऑर्क’. लिथुआनियनमध्ये या विशिष्ट क-चा श होतो, रशियनमध्ये स: शंभरला तिथे ‘शिम्तस’ आणि ‘स्तो’ म्हणतात. कुठेही ओढाताण करावी लागत नाही. फेअर्ह आज इंग्रजीत ‘फॅरो’ या शब्दात, म्हणजे डुकरीण विणे या अर्थाच्या क्रियापदात, जिवंत आहे. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचे राज्य आले आणि त्यांच्या फ्रेंचमधून पोर्कुसचाच दुसरा वंशज ‘पोर्क’ तिथे शिरला. एकच शब्द इंग्रजीत दोन दारांनी आला, एकदा वारसाहक्काने आणि एकदा सरदारांच्या जेवणाच्या ताटातून. साळिंदराच्या ‘पॉर्क्युपाइन’ या नावातही तोच आहे. तरसाच्या ‘हायना’ या नावात मात्र आधीचा, ग्रीक हूस आहे. पाठीवरच्या राठ केसांमुळे ग्रीकांना तो प्राणी डुकरासारखा वाटला असावा.

हा दुसरा शब्द संस्कृतात नाही. अमरकोशात डुकराची नावे कमी नाहीत: वराह, सूकर, कोल, पोत्री, दंष्ट्री, घोणी, स्तब्धरोमा, भूदार. लांब नाकाचा, ताठ केसांचा, जमीन फाडणारा. प्राण्याकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या भाषेत पोर्कुसचा भाऊ मात्र सापडत नाही. तो असता तर कसा दिसला असता, हे आपण आधीच सांगू शकतो. लॅटिन केंतुम, लिथुआनियन शिम्तस, संस्कृत शत. याच न्यायाने लॅटिन पोर्कुस, लिथुआनियन पार्शस, आणि संस्कृतात ‘पर्श’. असा डुकरवाचक शब्द वेदांत नाही, महाकाव्यांत नाही, कोशांत नाही. (पर्शु म्हणजे बरगडी; तिचा याच्याशी संबंध नाही.) आता ‘संस्कृत ही सर्वांची जननी’ हा दावा या कसोटीवर लावून पाहा. आयर्लंडपासून रशियापर्यंत सख्ख्या नात्याने पसरलेला हा शब्द त्या लोकांना जर संस्कृताने दिला, तर तो संस्कृताकडे होता कुठे? आईने मुलींना दिलेली वस्तू आईच्या घरात कधी दिसलीच नाही, असे म्हणावे लागेल.

यावर उत्तर ठरलेले असते: संस्कृतातही तो शब्द होता, पण तो लुप्त झाला. शब्द लुप्त होतात हे खरेच आहे, आणि या एका कारणाने आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. समजा, अतिप्राचीन काळी संस्कृतात ‘पर्श’ होता. तरी त्यातून पोर्कुस निघणे शक्य नाही. उच्चाराच्या सोयीने क-चा च, श किंवा स होतो, आणि हा बदल जगभर वारंवार घडलेला आहे. रोमनांचे केंतुम इटालियनमध्ये ‘चेंतो’ झाले, फ्रेंचमध्ये ‘सां’ झाले, आपल्या डोळ्यांदेखत, लिखित इतिहासात. उलट्या दिशेने, श-पासून सरसकट क होण्याचा प्रवास जवळपास कुठेच आढळत नाही. म्हणून शत आणि पर्श ही रूपे नंतरची, क-वाली रूपे आधीची. स्वरांचेही तेच. ग्रीक-लॅटिनमध्ये ए, ओ, अ असे तीन स्वर जिथे वेगवेगळे दिसतात, तिथे संस्कृतात बहुधा एकटा अ उभा असतो. एका अ-चे कुठे ए, कुठे ओ आणि कुठे अ का व्हावे, याचा नियम कुणालाही सांगता आलेला नाही. तीन स्वर मिसळून एक झाले असे म्हटले की सगळे बसते. याचा साक्षीदार खुद्द संस्कृत व्याकरणात आहे. कृ धातूचे द्वित्व होताना ‘ककार’ व्हायला हवे, होते ‘चकार’. गम् चे ‘जगाम’ होते. कवर्गाच्या जागी चवर्ग येतो हा नियम पाणिनीने नोंदवला. तो का येतो हे १८७० च्या दशकात कळले. त्या पहिल्या अक्षरात एके काळी ए होता, त्याने क-ला च-कडे ओढले, आणि मग ए स्वतः अ-मध्ये विरून गेला. म्हणजे संस्कृताच्या पोटात तिच्याहून जुन्या भाषेचा ठसा अजून आहे. ‘त्या जुन्या भाषेलाच आम्ही संस्कृत म्हणतो’ असे कुणी म्हणेल. खुशाल म्हणावे, पण मग ती वेदांची किंवा पाणिनीची भाषा राहत नाही, आणि वाद फक्त नाव ठेवण्यापुरता उरतो.

हे सगळे कागदावरचे गणित वाटत असेल तर त्याची साक्ष एका तिऱ्हाइताने दिलेली आहे. फिनिश ही भाषा या कुळातली नाही. तिचे घराणे पूर्ण निराळे. तिच्यात डुकराच्या पिल्लाला ‘पोर्सास’ म्हणतात. तिच्या दूरच्या नातेवाईक असलेल्या, रशियातल्या कोमी भाषेत डुकराला ‘पोर्स्य’ आणि उदमुर्त भाषेत ‘पार्स्य’ असे शब्द आहेत. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा शब्द या लोकांनी संस्कृत आणि इराणी यांच्या सामाईक पूर्वजाच्या तोंडून उचलला, जसा शंभरसाठी त्यांनी ‘सता’ हा शब्द उचलला. सता आणि शत यांचे साम्य तर लहान मुलालाही दिसेल. पण पोर्सासचे रूप नीट पाहण्यासारखे आहे. त्यात क नाही, स आहे. म्हणजे देणाऱ्याच्या भाषेत क-चा श होऊन गेला होता. आणि पहिल्या अक्षरात ओ आहे. म्हणजे ओ-चा अ अजून झालेला नव्हता. ज्या टप्प्याची भाषाशास्त्रज्ञ केवळ अनुमानाने मांडणी करतात, तो टप्पा एका परक्या भाषेने जसाच्या तसा गोठवून ठेवला. संस्कृताच्या पूर्वजांकडे हे पिल्लू होते. वेदांची भाषा घडेपर्यंत ते हरवले. इराणी शाखेत ते टिकले: मध्य आशियातल्या खोतानी भाषेत डुकराला ‘पास’ असा शब्द आहे, त्या शाखेच्या नियमाप्रमाणे र गळालेला.

हरवले का, याची कल्पना करता येते. गाय, घोडा, मेंढी यांना हाकत लांबचे पल्ले मारता येतात, डुकराला नाही. गवताळ प्रदेशातल्या फिरत्या पशुपालकांच्या वस्त्यांत त्याची हाडे अगदी थोडी मिळतात. पाळीव डुक्कर आणि त्याची पिल्ले रोजच्या व्यवहारातून गेली की त्यांचा खास शब्दही जातो, आणि रानात भेटणाऱ्या प्राण्यापुरते सूकर आणि वराह पुरतात. पण अशा तर्काला किती ताणायचे याचीही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा युरोपीय पंडितांनी ओलांडल्याचे उदाहरण याच शब्दाचे आहे. सू म्हणजे रानडुक्कर आणि पोर्कुस म्हणजे पाळीव डुक्कर, आणि ज्या अर्थी पूर्वेकडे दुसरा शब्द नाही त्या अर्थी पूर्वेकडच्या आर्यभाषकांना डुक्कर पाळणे कधी माहीतच नव्हते, असे मत बराच काळ प्रचलित होते. एमिल बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने ते खोडून काढले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातले हे प्रकरण आजही वाचनीय आहे. त्याने रोमन यज्ञविधी तपासला. शेताच्या शुद्धीसाठी डुक्कर, मेंढा आणि बैल यांचा एकत्र बळी देत. विधीचे नावच ‘सुओवेतौरिलिया’, त्यातला ‘सु’ हा आपला सू आणि ‘ओवे’ हा आपला अवि, म्हणजे मेंढी. बळीचा सू पाळीवच असणार, रानटी नव्हे. काटोच्या शेतीवरच्या पुस्तकात हा विधी दूधपित्या पिल्लांचा आहे, आणि तिथे पोर्कुस हा कोकरू आणि वासरू यांच्या रांगेत येतो. म्हणजे फरक रानटी-पाळीव असा नसून मोठे जनावर आणि त्याचे पिल्लू असा आहे. (या काटोचे कुलनाम पोर्कियुस, पोर्कुसवरूनच आलेले, रोमच्या सर्वांत करारी नीतिमार्तंडाला त्याचा संकोच वाटल्याचे दिसत नाही.) खोतानी ‘पास’ची साक्ष पुढे आल्यावर तर जुन्या मताचा पायाच गेला. एखादा शब्द नाही म्हणून ती वस्तूच नव्हती, हा निष्कर्ष संस्कृताच्या बाबतीत जितका चुकीचा, तितकाच तो इतर कुणाच्या बाबतीतही. माझा मुद्दा संस्कृताच्या उणिवेचा नाही. शब्दाचा अभाव फारसे काही सिद्ध करत नाही. बहिणींकडे तो नियमबद्ध रूपात असणे मात्र सिद्ध करते.

राहिला तो सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप: हे सगळे साहेबाने रचलेले आहे. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहुधा आता अस्तित्वात नसलेल्या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात असे म्हटले, हे खरे. जोन्स कलकत्त्यात ब्रिटिश राजसत्तेने नेमलेला न्यायाधीश होता, हेही खरे. पण त्याच भाषणात त्याने संस्कृताची रचना ग्रीकपेक्षा परिपूर्ण आणि लॅटिनपेक्षा समृद्ध ठरवली होती. त्यानंतर काही दशके खुद्द युरोपात संस्कृतालाच मूळ भाषेच्या सर्वांत जवळची मानण्याकडे कल होता, आणि वर सांगितलेल्या स्वरांच्या पुराव्याने तो मावळला. सत्तेला सोयीचे म्हणून निष्कर्ष काढायचे असते तर त्यांनी आपल्या भाषांना थोरली बहीण ठरवले असते. तसे कुणी केले नाही, कारण पुरावा तसा नाही. ध्वनीचे स्थान आणि प्रयत्न पाहून वर्णांची मांडणी करणे युरोप प्रातिशाख्ये, म्हणजे वेदांच्या उच्चारावरचे जुने ग्रंथ, आणि पाणिनी यांच्याकडून शिकला, आणि त्या शिकवणीशिवाय ग्रिमच्या नियमाच्या पुढचे शास्त्र इतके लवकर उभे राहिले नसते. ती मूळ भाषा कुठे बोलली जात होती, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर राजकारण बरेच होते. उत्तर काहीही निघो, काळ्या समुद्राच्या उत्तरेला की सिंधूच्या काठी, पोर्कुस आणि पार्शस संस्कृतातून निघत नाहीत ते नाहीतच.

संस्कृताचे स्वतःचे वैभव यात कुठेही कमी होत नाही. वराह हा शब्द तर फक्त संस्कृत आणि इराणी या दोघींचा ठेवा आहे. अवेस्तात तो ‘वराझ’, फारसीत ‘गुराझ’. संस्कृत ह आणि इराणी झ ही जोडी ठरलेली: हिरण्य आणि झर, ज्या झरपासून आपली साडीची जर आली. इराणी परंपरेत वेरेथ्रघ्न हा विजयाचा देव रानडुकराचे रूप घेतो; आपल्याकडे विष्णू घेतो. विदिशेजवळच्या उदयगिरीच्या पाचव्या लेण्यातला, पृथ्वीला वर उचलणारा तो प्रचंड वराह गुप्तकाळातला. बदामीच्या चालुक्यांचे राजचिन्ह वराह होते, आणि त्यांची सत्ता आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होती. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या नावातला पहिला व्ही वराहगिरीचा. ज्या प्राण्याच्या एका नावाने आपण शिवी देतो, त्याच्याच दुसऱ्या नावापुढे हात जोडतो, आणि दोन्ही वेळा प्रामाणिक असतो.

मराठीची स्वतःची कथा मात्र या सगळ्यापेक्षा उघडी पडलेली आहे. सूकरातून हिंदीत ‘सूअर’ आला, कारण प्राकृतात दोन स्वरांमधला क गळतो. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार झाला तो याच नियमाने. आपला ‘डुक्कर’ या वाटेने आलेला नाही. त्यात क शाबूत आहे, जोडाक्षर होऊन ठसठशीत बसला आहे, आणि आरंभीच्या स-चा ड होण्याचा नियम मराठीत नाही. गुजरातीत तो डुक्कर आहे, कोकणीत दुकर. कन्नड हंदि आणि तेलुगू पंदि यांच्याशीही त्याचे काही जुळत नाही. म्हणजे जो शब्द आपण संस्कृताच्या मातृत्वाचा पुरावा म्हणून मिरवतो, तो सूकर मराठीच्या बोलण्यातून केव्हाच गेला, अगदी तसाच जसा संस्कृताच्या पूर्वजांकडचा पोर्कुसचा भाऊ गेला. म्हणून मराठी काही संस्कृत-प्राकृताच्या नात्यातून बाहेर पडली नाही. गोव्यात १५१० नंतर पोर्तुगीज आले, आणि त्यांच्याबरोबर पोर्कुसचा सरळ वंशज ‘पोर्को’ आला. तिथल्या स्वयंपाकघरात सोरपोतेल, विंदालू आणि चोरीस ही पोर्तुगीज नावे रुळली, पण ज्यापासून ते पदार्थ होतात ते दुकरामासच राहिले. खाण्याबरोबर पदार्थाचे नाव प्रवास करते, जनावराचे करतेच असे नाही; इंग्लंडातही थेट हेच झाले होते.

डुक्कर हा शब्द कुठून आला याचे पुराव्यानिशी दिलेले, सामान्य वाचकाला सहज हाती येईल असे उत्तर आज मराठीत मिळत नाही, आणि अशा शेकडो शब्दांची हीच अवस्था आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ चा. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ त्याहूनही जुना. रॅल्फ टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तुलनात्मक कोश १९६६ मध्ये आला, त्यालाही आता साठ वर्षे होत आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जासोबत येणारा पैसा उत्सव, फलक आणि गौरवगीतांवर खर्च होण्याआधी त्यातला एक वाटा नव्या व्युत्पत्तिकोशासाठी बाजूला काढावा, प्राकृत, द्राविडी भाषा, फारसी आणि पोर्तुगीज जाणणारी माणसे एका टेबलाशी बसवावीत, आणि प्रत्येक नोंदीत निष्कर्षाबरोबर पुरावाही छापावा.